एका म्यानात दोन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपली भाषा बजावून सांगते. माणसांच्या बाबतीत ते खरे असेलही, पण संगणकात मात्र दोन तलवारी सुखाने नांदतात. यंत्र सुरू केले की पडद्यावर एक छोटीशी यादी उमटते. विंडोज हवे की लिनक्स? बाणाची कळ खाली-वर करून एकावर थांबायचे, एंटर दाबायचे, की तेच यंत्र त्या घराण्याचे होऊन जाते. बंद करून पुन्हा सुरू करा, दुसरे नाव निवडा, आणि पडदा, खिडक्या, सगळा थाटमाट बदलतो. ज्या घरात इंजिनीअरिंगचे शिक्षण घेणारी मुले आहेत त्या घरांत ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही.

ज्यांना संगणकाच्या पोटात डोकावण्याची हौस नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मी बँकेत अधिकारी होतो, त्यामुळे मला दाखले बँकेचेच सुचतात. खातेदार पैसे काढायला येतो तेव्हा तो तिजोरीशी जाऊन कुलूप उघडत नाही. त्याच्या आणि तिजोरीच्या मध्ये काउंटरवरचा कारकून, रोखपाल, चाव्या सांभाळणारे अधिकारी अशी सगळी व्यवस्था उभी असते. संगणकातही पत्र लिहिणारा किंवा हिशेब मांडणारा प्रोग्राम चकतीला, पडद्याला, छपाईयंत्राला स्वतः हात लावत नाही. तो मधल्या व्यवस्थेला सांगतो आणि ती व्यवस्था काम करून देते. या मधल्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी.

टेबलावर मावणाऱ्या लहान संगणकांसाठी बाजारात यशस्वी झालेली पहिली कार्यप्रणाली ज्यांनी लिहिली, त्यांचे नाव गॅरी किल्डॉल. संगणकाच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. बाहेर मात्र त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगितली जाते, ती अशी की आयबीएमची माणसे दारात आली तेव्हा हे महाशय विमान उडवायला गेले होते आणि म्हणून त्यांचे साम्राज्य बुडाले. एका माणसाचे बावन्न वर्षांचे आयुष्य एका दुपारीत कोंबणे कादंबरीकार म्हणून मला पटत नाही. बँकवाला म्हणून तर मुळीच पटत नाही. खाते बघायचे तर सगळ्या नोंदी बघाव्यात.

दर्यावर्दी घराणे

पहिली नोंद १९ मे १९४२ ची. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिॲटल या बंदराच्या गावी गॅरीचा जन्म झाला. आजोबांनी तिथे जहाज हाकारण्याचे शास्त्र शिकवणारी शाळा काढली होती आणि पुढे ती वडिलांनी चालवली. सूर्याची, ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायची, कोष्टके उघडायची, लांबलचक आकडेमोड करायची आणि अथांग पाण्यात आपण नेमके कुठे आहोत ते कागदावर टिंब देऊन दाखवायचे, असे ते शिक्षण. शाळेत गॅरीचा जीव पुस्तकांपेक्षा मोटारी आणि यंत्रे खोलण्या-जोडण्यात रमे. पण घरच्या शाळेत तोही खलाशांना शिकवू लागला, आणि शिकवण्याची गोडी त्याला लागली ती कायमची.

गणिताचा शिक्षक व्हायचे म्हणून तो वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्याला संगणक भेटला. तेव्हाचा संगणक म्हणजे खोलीभर कपाटे! या कपाटांनी गॅरीला असे काही झपाटले की गणिताचा शिक्षक मागेच राहिला. व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि तरुणांना लष्करी सेवा चुकत नव्हती. किल्डॉल यांना नौदलाने बोटीवर न पाठवता कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथील आपल्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवायला धाडले. समुद्राशी घराण्याचे नाते असे वेगळ्याच वाटेने चालू राहिले. १९७२ साली त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करताना त्यातले फालतू काम कसे ओळखावे आणि गाळावे, यावर १९७३ साली त्यांनी लिहिलेला निबंध त्या विषयाच्या अभ्यासकांना आजही वाचावा लागतो. विमानाच्या गोष्टीत हा विद्वान शिक्षक कुठे दिसतच नाही.

मागच्या अंगणातली खोली

१९७१ च्या अखेरीस इंटेल कंपनीने ४००४ नावाची चिप बाजारात आणली. नखाएवढ्या तुकड्यावर संगणकाचा मेंदू! जहाजाची जागा काढायची किचकट आकडेमोड एखाद्या छोट्या यंत्राने करावी, ही किल्डॉल यांच्या वडिलांची जुनी इच्छा होती. मुलाने ती चिप मिळवली आणि प्रयत्न सुरू केले. त्या कामासाठी चिप फार दुबळी निघाली, पण त्या खटपटीतून किल्डॉल यांची इंटेलशी ओळख झाली. आठवड्यातून एक दिवस मॉन्टेरेहून इंटेलमध्ये जाऊन ते सल्लागाराचे काम करू लागले. नव्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणे सोपे व्हावे म्हणून त्यांनी पीएल/एम नावाची भाषा तयार केली.

आता अडचण वेगळीच होती. लिहिलेले साठवायचे कुठे? त्या काळी प्रोग्राम कागदी फितीवर भोके पाडून ठेवत आणि टेलिटाइप यंत्र ती फीत सेकंदाला दहा अक्षरे या गतीने वाची. वीस हजार अक्षरांचा प्रोग्राम आत घ्यायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागायचा. त्याच सुमारास फ्लॉपीची चकती निघाली होती. किल्डॉल यांनी एक वापरलेले फ्लॉपीयंत्र मिळवले. जॉन टोरोड या मित्राने ते चिपला जोडणारा विद्युतमंडल तयार करून दिला. त्या चकतीवर फाइली नीट लावणारी, शोधून देणारी, पुसणारी व्यवस्था किल्डॉल यांनी १९७४ साली लिहिली. तिचे नाव सीपी/एम. इंटेलला त्यात रस वाटला नाही, म्हणून किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या टुमदार गावात घरामागच्या अंगणात अवजारे ठेवायची एक खोली होती, तिथे प्रोग्राम लिहिला जाई. व्यवहाराची बाजू डोरोथी सांभाळत. कंपनीचे मूळ नाव होते इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे थेट आकाशगंगांना गवसणी! पुढे आकाशगंगा गळाल्या आणि नुसते डिजिटल रिसर्च उरले.

आता या आयुष्यातली सर्वांत मोठी जमेची नोंद. लहान संगणक बनवणाऱ्या कंपन्या भराभर निघत होत्या आणि प्रत्येकाचे फ्लॉपीयंत्र, पडदा, कळफलक वेगळा. प्रत्येक यंत्रासाठी सीपी/एम पुन्हा लिहायचे म्हणजे जन्म त्यातच जायचा. इमसाई नावाच्या कंपनीने आपल्या यंत्रासाठी मागणी केली तेव्हा किल्डॉल यांनी कार्यप्रणालीचे दोन भाग स्वच्छ वेगळे केले. बँकेत मुख्य कार्यालयाचे नियमांचे पुस्तक सगळ्या शाखांना एकच असते. कोणत्या शाखेत तिजोरी कुठल्या भिंतीला आहे आणि कुठले कुलूप आधी उजवीकडे फिरवावे लागते, हे मात्र त्या शाखेतल्या माणसालाच ठाऊक असते. किल्डॉल यांनी नियमांचे पुस्तक अखंड ठेवले आणि कुलपांचे ज्ञान एका छोट्या वेगळ्या भागात बांधले. त्या भागाला त्यांनी नाव दिले बायोस. नवे यंत्र आले की फक्त बायोस नवा लिहायचा, बाकी सारे तसेच.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या वाटणीने लहान संगणकांचे जग बदलले. शेकडो प्रकारच्या यंत्रांवर सीपी/एम चालू लागले. वर्डस्टार, डीबेस टू असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आता प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे शिकावे लागेना. आमच्याकडच्या कार्यालयांत १९८० च्या दशकाच्या अखेरीस वर्डस्टारवर पत्रे टंकलिखित होऊ लागली, ती डॉस नावाच्या दुसऱ्या कार्यप्रणालीवर. पण त्या पडद्यावर लुकलुकणारे ए हे अक्षर, फाइलीला आठ अक्षरांचे नाव आणि पुढे तीन अक्षरांचे शेपूट, हा सारा रिवाज सीपी/एमच्या घरचा होता. आज तुमच्या विंडोजमध्ये जो सी ड्राइव्ह दिसतो, तो याच वंशावळीतला.

एका यंत्रात दोन कार्यप्रणाली ही कल्पना सामान्य ग्राहकाच्या घरात शिरली तीही किल्डॉल यांच्याच सीपी/एममुळे. ॲपल टू हा संगणक लोकप्रिय होता, पण त्याची चिप वेगळ्या जातीची असल्याने त्यावर सीपी/एम चालत नसे. १९८० साली मायक्रोसॉफ्टने सॉफ्टकार्ड नावाची एक पट्टी विकायला काढली. तिच्यावर झेड-८० ही दुसरी चिप होती. पट्टी ॲपलच्या खाचेत बसवायची आणि सीपी/एमची चकती घालून यंत्र सुरू करायचे. ॲपलची चकती घातली तर ॲपल, सीपी/एमची घातली तर सीपी/एम! मायक्रोसॉफ्टने विकलेली ही पहिली यंत्रवस्तू, आणि तिच्यासोबत परवाना घेऊन विकली जात होती किल्डॉल यांची कार्यप्रणाली.

चाळीस आणि दोनशे चाळीस

आता त्या दुपारकडे येऊ. १९८० च्या ऑगस्टमध्ये आयबीएमची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला आली. आयबीएम गुप्तपणे स्वतःचा लहान संगणक बनवत होती आणि तिला कार्यप्रणाली हवी होती. किल्डॉल सकाळी स्वतःच्या विमानाने एका जुन्या ग्राहकाला भेटायला ओकलंडला गेले होते, आणि ती भेट आधीच ठरलेली होती. आयबीएमने आल्याआल्या एक गुप्ततेचा करार पुढे ठेवला. तो इतका एकतर्फी होता की डोरोथी आणि त्यांचे वकील सही करायला कचरले. व्यवहार सांभाळणाऱ्या व्यक्तीने एकतर्फी कागदावर सही न करणे हा गुन्हा असेल, तर मी नोकरीत तो गुन्हा शेकडो वेळा केला आहे! दुपारनंतर किल्डॉल परतले. पुढे काय बोलणे झाले याविषयी दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. करार झाला नाही एवढे खरे.

खरा घोटाळा त्या दुपारच्या आधीच झाला होता. नव्या सोळा बिटांच्या चिपसाठी सीपी/एमची आवृत्ती डिजिटल रिसर्चकडून लांबत चालली होती. सिॲटलमधल्या एका छोट्या कंपनीला थांबणे परवडेना, म्हणून टिम पॅटरसन या तिथल्या तरुण इंजिनीअरने सीपी/एमच्या वळणावर स्वतःची कार्यप्रणाली लिहून काढली. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये ती विकत घेतली. आयबीएमच्या यंत्रावर तीच डॉस म्हणून आली. किल्डॉल यांना तिच्यात आपली चाल, आपली ढब दिसली. कोर्टात जाण्याऐवजी त्यांनी समझोता पत्करला. आयबीएमने आपल्या यंत्राबरोबर सीपी/एमही विकायला ठेवावे आणि ग्राहकाने हवे ते निवडावे, असे ठरले.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी जाहीर झाला. कागदोपत्री त्याच्यासाठी तीन कार्यप्रणालींची निवड होती. डॉसची किंमत होती ४० डॉलर. सीपी/एम काही महिने उशिरा, १९८२ साली आले आणि त्याची किंमत होती २४० डॉलर. सहापट फरक! काउंटरवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हा आकडा पाहिल्यावर पुढचे काही सांगावे लागत नाही. फॉर्मवर तीन चौकोन छापलेले असले तरी शिक्का एकाच चौकोनात पडणार, हे त्या क्षणी ठरले.

गंमत अशी की यंत्राने मात्र दोघांनाही जागा दिली होती. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी काढला. तिच्यावर जागा होती १० मेगाबाइट. या डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या घरात एक इवलेसे कोष्टक ठेवलेले असे. डिस्कचे चार कप्पे करता येत आणि कोणता कप्पा कुठे सुरू होतो, त्यात कोणत्या जातीचा माल आहे, चौघांपैकी चालू कोणता, याची नोंद त्या कोष्टकात असे. यंत्र सुरू झाले की बायोस हे पहिले घर वाची आणि चालू असलेल्या कप्प्याच्या हाती सूत्रे देई. वेगवेगळ्या कप्प्यांत वेगवेगळ्या कार्यप्रणाली राहाव्यात म्हणूनच ही सोय होती. आमच्या शाखेत १९९० च्या दशकात असे एक यंत्र होते. एका कप्प्यात डॉस, त्यावर मुख्य कार्यालयाची पत्रे. दुसऱ्या कप्प्यात युनिक्स, त्यावर खतावण्या. चालू कप्प्याची खूण बदलायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. दोन्ही शेजारी एकमेकांच्या भिंतीला टेकून वर्षानुवर्षे राहिले, कधी भांडले नाहीत.

शेवटच्या नोंदी

हरलेला माणूस हातपाय गाळून बसला असेल, असे कुणाला वाटेल. किल्डॉल यांच्या बाबतीत तसे घडले नाही. १९८३ पासून काही वर्षे त्यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवर संगणकाविषयीच्या एका साप्ताहिक कार्यक्रमाचे सहनिवेदन केले. उंचापुरा, मृदू बोलणारा हा माणूस त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या वस्तूही कौतुकाने समजावून सांगे. घरची खलाशांची शाळा अशी शेवटपर्यंत त्यांच्यात टिकून होती. १९८५ साली त्यांच्या दुसऱ्या कंपनीने एक अख्खा ज्ञानकोश सीडीवर आणला. डिजिटल रिसर्चने १९८८ मध्ये डीआर-डॉस काढले. ते मायक्रोसॉफ्टच्या डॉसचे प्रोग्राम चालवी आणि काही बाबतीत त्याच्याहून सरस होते. १९९१ साली डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीने विकत घेतली. त्याच सुमारास विंडोजच्या एका चाचणी आवृत्तीत अशी तजवीज आढळली की खाली परके डॉस दिसले तर पडद्यावर चुकीचा इशारा यावा. डीआर-डॉसचे पुढचे मालक त्यावरून कोर्टात गेले आणि जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने पैसे देऊन ते प्रकरण मिटवले. तोवर बाजार कधीच उठला होता, आणि किल्डॉलही उरले नव्हते.

पैशाची त्यांना ददात नव्हती. सलत होते ते दुसरेच. पहिला संसार मोडला, दुसराही टिकला नाही आणि दारू वाढत गेली. १९९२ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचा रौप्यमहोत्सव झाला. तिथून डॉक्टरेट घेतलेल्या किल्डॉल यांना श्रोत्यांत बसायचे निमंत्रण आले. मुख्य भाषणाला बोलावले होते बिल गेट्स यांना, आणि गेट्स यांनी तर दुसऱ्याच विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडलेले! त्यानंतर किल्डॉल आपल्या आठवणी लिहायला बसले आणि १९९३ मध्ये त्यांनी त्या जवळच्यांना वाटल्या. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला, ते गेले. वय अवघे बावन्न. २०१४ साली पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्यांच्या जुन्या कचेरीसमोर विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने स्मृतिफलक बसवला.

हे खाते मी आज पुन्हा उघडतो आहे याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि घराघरांतले धडधाकट संगणक नव्या विंडोजच्या अटीत बसत नाहीत म्हणून अडगळीच्या वाटेला लागले आहेत. अशा यंत्रात लिनक्स मोफत बसवता येते आणि जुने विंडोजही शेजारी ठेवता येते. मात्र आधी फोटो, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर तिच्या परतीची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजमधूनच त्याचा कप्पा थोडा लहान करावा आणि मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्सला घर द्यावे. दोन्ही नव्याने बसवायची असतील तर विंडोज आधी, लिनक्स नंतर. मग एक दिवस घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले दिसेल, तेव्हा घाबरू नये. यंत्राच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स ग्रीनिचची जागतिक वेळ लिहिते. दोन शेजाऱ्यांचे इतके मतभेद चालायचेच, आणि लिनक्समध्ये एक आज्ञा दिली की तेही मिटतात.

नव्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय नावाची व्यवस्था आली आहे आणि चार कप्प्यांचे जुने कोष्टकही मागे पडले आहे. पण यंत्राचे कुलूप एकीकडे आणि नियमांचे पुस्तक दुसरीकडे, ही अंगणातल्या खोलीतली वाटणी तशीच आहे. संगणक सुरू झाला की ती यादी पडद्यावर काही सेकंद थांबते. तेवढ्यात कुणी कळ दाबली नाही, तर यंत्र ठरवून दिलेले नाव आपोआप उचलते आणि पुढे जाते. १९८१ साली बाजारात नेमके हेच झाले. तुमच्या टेबलावरच्या यादीत मात्र ठरवून दिलेले नाव कोणते असावे, हे तुम्हाला बदलता येते.